हाय डजन

इंग्रजी भाषेशी माझे संबंध बी.कॉम.च्या पासापुरते मार्क मिळवण्याइतकेच होते, पण होते ते सलोख्याचे. परवा ते बिघडले. त्याचे असे झाले, की सौ.ने अबोला धरला. सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख मी साफ विसरलो. "गिऱ्हाइकांच्या मुदत ठेवींच्या तारखा बऱ्या पाठ असतात!" हे तिचे शेवटचे वाक्य. मग घरात बोलायला कोणी नाही, म्हणून चिरंजीवांची डिक्शनरी उघडली. म्हटले, रुसव्याच्या बाबतीत साहेबाकडे काय माल आहे ते तरी बघू.

माल भरपूर! सल्क, पाउट, मोप, हफ. यातला 'हफ' म्हणजे मुळात फुंकर. हे पटले, गाल फुगवायला हवा दोन्ही देशांत लागणारच. 'हाय डजन' हा प्रकार मी इतकी वर्षे हापूसच्या भावातला समजत होतो. तो निघाला फणकारा. त्याचे मूळ कोशकारांनाही सापडलेले नाही. (अशी बेवारस रक्कम आम्ही बँकेत सस्पेन्स अकाउंटला टाकतो.) 2018 साली तर ऑक्सफर्डच्या कोशाने भुकेने चिडलेल्यांसाठी 'हँग्री' हा शब्द दाखल करून घेतला. आमच्या घरी त्यासाठी नुसते "बाबा आले" म्हणतात.

पण वाचकहो, माझी तक्रार पुढेच आहे. साहेबाचा सगळा रुसवा एकट्याचा! 'सल्की' नावाची एक दुचाकी घोडागाडी असते. नाव असे का? तर तिच्यात एकच माणूस मावतो. बायकांच्या खासगी खोलीला 'बूद्वार' म्हणतात; तो फ्रेंचांकडून उसना घेतलेला शब्द, मूळ अर्थ रुसून बसायची जागा. गाडी झाली, खोली झाली. पण आतल्या माणसाला बाहेर काढायचे कसे? 'अपीज' हा शब्द चेंबरलेनसाहेबांनी 1938 साली हिटलरवर खर्च करून कायमचा नासवला. 'कोक्स'चा मूळ अर्थ मूर्ख बनवणे. हा उपाय मी दुसऱ्या दिवशी मोगऱ्याचा गजरा आणून करून पाहिला. गजरा फ्रिजमध्ये गेला.

आपल्याकडे रुसवा 'काढतात', पायातला काटा काढावा तसा. कैकेयीसुद्धा क्रोधागारात गेली ती दशरथ येणार या खात्रीने. (पुढे त्याला ते महागात पडले, ही गोष्ट वेगळी.) रुसवा म्हणजे दर्शनी हुंडी, ती वटवायला समोर कोणीतरी लागतेच.

चौथ्या दिवशी सकाळी सौ. आपण होऊन म्हणाली, "चहा ठेवलाय." आवाजात राग नव्हता. काहीच नव्हते. काउंटरवर मी याच आवाजात "पुढचे" म्हणतो, म्हणून लगेच ओळखला. आणि खरे सांगतो, तीन दिवसांत पहिल्यांदा घाबरलो.

डिक्शनरी मिटली, हाफ डे टाकला आणि तडक सासूबाईंचे घर गाठले. काळा चष्मा लावून त्या खुर्चीत बसल्या होत्या. शेजारी सौ. डोळ्यांत थेंब घालायची बाटली घेऊन उभी. तिने मान वर केली नाही.

माझ्या चपलांचा आवाज ऐकून सासूबाई म्हणाल्या, "कोण, जावईबापू? या, या. इतके दिवस फिरकला नाहीत, मला वाटलं रुसलात की काय!"

सौ.च्या हातातला थेंब सासूबाईंच्या नाकावर पडला. ती हसत होती.