आंब्याची कोय आणि शेलारमामा

१२ जानेवारीला, जिजाऊंच्या जयंतीला, त्यांच्या जन्मगावी सिंदखेड राजात पाय ठेवायला जागा नसते. त्या दिवशी फलकाफलकांवर दिसतात त्या जिजाऊ बाळशिवबाला जवळ घेऊन गोष्ट सांगणाऱ्या, शांत डोळ्यांच्या. तुळशीदास शाहिराच्या तानाजीच्या पोवाड्यात भेटते ती जिजाबाई मात्र निराळीच. प्रतापगडावर केस विंचरताना तिला सिंहगड दिसतो आणि तो तिच्या डोळ्यांत सलतो. (प्रतापगडावरून तो दिसतो का, हे शाहिराला विचारू नये.) ती लेकाला राजगडावरून बोलावून घेते, सोंगट्यांचा डाव मांडते, जिंकते आणि सिंहगड मागते. शिवबा दुसरे गड देऊ करतो, पण ही हटत नाही. शाप देऊन राज्य जाळीन, अशी धमकीच देते.

कोंढाण्याची, म्हणजे याच सिंहगडाची, लढाई झाली ४ फेब्रुवारी १६७० ला. जिजाऊंचा जन्म १५९८ चा, म्हणजे तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. शाहीर हे वय सांगत नाही, पण सिंदखेडचा माणूस ते मनात मोजतोच. त्यांचे वडील लखुजीराव जाधव १६२९ मध्ये दौलताबादला निजामशाहाच्या दरबारात मारले गेले. त्यांच्याबरोबर दोन मुलं आणि एक नातूही गेले. असलं माहेर मागे असलेली म्हातारी पटावर बसली, तर ती वेळ घालवायला नक्कीच बसलेली नाही.

या पोवाड्यातला नावाजलेला म्हातारा मात्र दुसरा आहे. तानाजीचा मामा शेलार, वय वर्षं ऐंशी. मला वाटतं, अख्ख्या पोवाड्यातली सगळ्यात सुंदर जागा त्याच्या तोंडी आली आहे, आणि ती लढाईची नाही. तानाजीच्या मुलाचं, रायबाचं, लग्न ठरलेलं, घरात धामधूम, आणि सिंहगडाची गोष्ट निघते. मामा म्हणतो, तो विषयच काढू नका, तिकडे गेले ते मेले. मग तो आंब्याचा दाखला देतो: कुणी आंबा खाल्ला, बाठा पुरला, त्याचं झाड झालं, झाडाला आंबे लागले, तरी किल्ला काही हाती आला नाही.

आमच्याकडे बाठ्याला कोय म्हणतात. गावरान आंब्याची कोय लावली की फळाला आठ-दहा वर्षं सहज जातात. लावणारा बहुधा नातवाच्या नावानं लावतो. मामानं मुहीम तारखांनी मोजली नाही, सनावळीनं मोजली नाही; बांधावरच्या झाडानं मोजली. तिशीतल्या माणसाच्या तोंडी हे बोलणं पाठ केल्यासारखं वाटलं असतं. ऐंशीचा माणूस ते झाड वाढताना बघून बसलेला असतो. तानाजी त्याला गप्प करतो. आणि मामा? तोही निघतो. पुन्हा समजावत बसत नाही, रुसत नाही.

पुढे शाहीर सुटतो. गडावर दोर चढवायला सोडलेली यशवंती घोरपड अर्ध्या कड्यावरून माघारी येते, तर तानाजी तिला कापून खाण्याची धमकी देतो. वर गडाचा किल्लेदार उदेभान अठरा बायकांच्या गोतावळ्यात. जेवण असं की वाढायला माणूस नव्हे, माप लागावं. गडावर शत्रू शिरला तरी हा पठ्ठ्या उठत नाही. आधी चंद्रावळी हत्ती पाठवतो, मग सिद्दी हिलाल, मग आपले बारा मुलगे. तानाजी एकेकाला कापत जातो. रक्ताचा पाट वाहतो, पण ऐकणाऱ्याला मळमळत नाही. डफाच्या ठेक्यावर आकडे वाढत जातात तसं हसूच येतं. इतिहासाशी ताडून बघायचं तर सभासदाच्या बखरीत ना घोरपड, ना हत्ती. तिथे तानाजीची ढाल तुटते, तो डाव्या हातालाच ढाल करतो, आणि दोघं वीर एकमेकांच्या वारांनी पडतात. लोकांना ते पुरलं नाही. उदेभानाला शेलारमामानंच लोळवलं, हेच मराठी मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं.

डेव्हिड जेमेलची ‘लेजंड’ (१९८४) ही इंग्रजी कादंबरी वाचताना मला मामाच आठवत होता. तिथला ड्रस साठीचा कुऱ्हाडबहाद्दर. गुडघा सुजलेला, पाठ धरलेली, आणि समोर लाखोंची फौज. आपल्याला कर्करोग झालाय असं जेमेलला वाटत होतं, त्या काळात त्यानं ती लिहायला घेतली. म्हणून ड्रसचं प्रत्येक दुखणं पानावर उतरतं आणि वाचणाऱ्याला लागतं. शेलारमामाचा गुडघा दुखत होता का, शाहीर अवाक्षर काढत नाही. ऐंशी हा आकडा तेवढा सांगतो आणि त्याला कड्याखाली नेऊन उभा करतो. मला हे जास्त भावतं. ज्याला त्या वाटेवर कोण कोण संपलं हे ठाऊक आहे, त्याच्या हातात दोर देताना आणखी काय सांगायचं?

हा पोवाडा अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ च्या संग्रहात छापला. छापील पानावर तो वाचायला थोडा आडमुठा वाटतो, म्हणून मी तो मोठ्यानं वाचतो. आंब्याच्या ओळीपाशी दर वेळी आवाज आपोआप खाली येतो. पुढे हत्ती येणार आहे, हे माहीत असूनही.