महाराजांच्या तोंडी शब्द कुणाचे?

इतिहासातली माणसं पुन्हा उभी करणं हा कोल्हापूरचा शंभर वर्षांचा जुना उद्योग आहे. बाबूराव पेंटरांनी १९२३ साली ‘सिंहगड’ काढला, तेव्हा शिवाजी महाराजांची भूमिका त्यांनी स्वतःच केली. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले दामले आणि फत्तेलाल पुढे ‘प्रभात’चे आधारस्तंभ झाले. १९३६ साली त्यांनी विष्णुपंत पागनिसांच्या रूपानं तुकाराम महाराजांना असा चेहरा दिला की घरोघरच्या तसबिरींत तुकोबा म्हणून पागनीसच जाऊन बसले. भालजी पेंढारकरांच्या सिनेमांतून चंद्रकांत आणि सूर्यकांत या मांडरे बंधूंनी मराठी प्रेक्षकाच्या डोळ्यांत शिवकाळ कायमचा बसवला. राज्य शासनानं अधिकृत म्हणून स्वीकारलेलं शिवाजी महाराजांचं चित्र काढणारे जी. कांबळे हेही कोल्हापूरचेच, आणि त्यांचा हात वळला तो सिनेमाची पोस्टरं रंगवण्यात. एआय आणि होलोग्राम यांच्या नावानं आज ज्या कामाचा गाजावाजा चालला आहे, ते काम या गावानं रंगात, मातीत आणि फिल्मवर कधीच करून पाहिलं आहे. त्यामुळे नव्या कलेला जोखायचं तर कोल्हापूरच्या जुन्या कामाशेजारी ठेवूनच जोखावं.

या कलेतला अर्धा भाग खरं तर नवा नाहीच. संग्रहालयात किंवा रंगमंचावर ज्याला सर्रास होलोग्राम म्हणतात, तो बहुधा १८६२ साली लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी दाखवलेल्या भुताचा वंशज असतो. प्रेक्षकाला न दिसणारी तिरकी काच आणि तिच्यावर पडणारं, आडोशाला उभ्या असलेल्या, झगझगीत उजेडातल्या नटाचं प्रतिबिंब, एवढीच ती करामत. २०१२ साली अमेरिकेतल्या कोचेला महोत्सवात मृत रॅपर टुपाक शकूर ‘अवतरला’, तोही याच घराण्यातला. डेनिस गॅबर यांना ज्या होलोग्राफीसाठी १९७१ चं नोबेल मिळालं, तिचं विज्ञान निराळं. दिल्लीत इंडिया गेटजवळ २३ जानेवारी २०२२ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोसांची २८ फूट उंच, ६ फूट रुंद आकृती उभी राहिली. नव्वद टक्के पारदर्शक पडद्यावर ३० हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर ती उमटवत होता. त्याच वर्षी ८ सप्टेंबरला तिथे तेवढ्याच उंचीचा ग्रॅनाइटचा पुतळा आला. प्रकाशातले नेताजी दगडातल्या नेताजींसाठी जागा धरून उभे होते, असंच म्हणावं लागेल. पुण्याजवळ आंबेगावची शिवसृष्टी, दिल्लीचं प्रधानमंत्री संग्रहालय, पन्हाळ्यावरचं ‘१३ डी’ म्हणवणारं थिएटर अशा ठिकाणी तंत्र कमी-अधिक असेल, पण सांगायचा मजकूर आधीच ठरलेला असतो. कुणीतरी संहिता लिहिलेली असते, कुणीतरी ती म्हटलेली असते. इथवर हे नाटकच आहे आणि त्याला नाटकाचे निकष लावावेत.

त्या निकषांवर यातलं बरंचसं काम सुमार आहे. निवेदकाचा तोच खर्ज, तोच ढोल-ताशांचा कल्लोळ, तलवारीच्या पात्यावरून सरकणारा तोच निळसर झोत. बाबूरावांच्या ‘सैरंध्री’तला (१९२०) कीचकवध प्रेक्षकांना सोसवला नाही आणि त्यावर कात्री चालवावी लागली, आजच्या अनुभव केंद्रातून माणसं सेल्फी काढत बाहेर पडतात. कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयातले सिमेंटचे गावकरी मुके आहेत, जागचे हलत नाहीत, तरी बघणारा त्यांच्यापुढे जास्त वेळ रेंगाळतो. कारण शिल्पकारानं शेतकऱ्याची, लोहाराची, कुंभाराची काम करतानाची देहबोली नीट पाहिलेली आहे. भव्यतेचा सोस लागला की पहिला बळी निरीक्षणाचा जातो.

खरा बदल एआय आल्यावर झाला, आणि तो पायरी-पायरीनं झाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये मायहेरिटेज या कंपनीनं ‘डीप नॉस्टॅल्जिया’ नावाची सोय आणली. लगोलग भगतसिंग, विवेकानंद, लोकमान्य टिळक यांची जुनी छायाचित्रं मोबाइलवर पापण्या मिटू लागली, मान वळवू लागली. लोक हेलावले. मात्र ती मान टिळकांची नव्हती. कंपनीनं बहुतांशी आपल्याच कर्मचाऱ्यांचे हावभाव आधी चित्रित करून ठेवले होते आणि तेच छायाचित्रावर चढवले जात होते. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधल्या पेंढा भरलेल्या वाघांची जी तऱ्हा, तीच इथेही: कातडं अस्सल, आतला ऐवज दुसऱ्याचा. त्या कंपनीनं एक शहाणपण केलं होतं, गैरवापर होईल म्हणून या चेहऱ्यांना बोलायची सोय ठेवली नव्हती. पुढच्यांनी ते कुंपणही ओलांडलं. जानेवारी २०२४ मध्ये तमिळनाडूत, साडेपाच वर्षांपूर्वी गेलेले करुणानिधी पडद्यावरून भाषण करताना दिसले. १६ एप्रिल २०२५ रोजी नाशिकच्या मेळाव्यात २०१२ साली निधन पावलेल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या आवाजात ताज्या राजकारणावरचं भाषण ऐकवण्यात आलं. विरोधकांनी टीका केली, समर्थकांनी टाळ्या वाजवल्या. पण कलेच्या अंगानं यातली गोम पक्षीय नाही. कोणत्याही पक्षानं हे केलं असतं तरी प्रश्न तोच राहिला असता. आवाज ओळखीचा, लकब ओळखीची, ठसका ओळखीचा. आणि वाक्यं मात्र अशा घटनांवर, ज्या त्या माणसानं पाहिल्याच नाहीत.

इथे एक आक्षेप येतो आणि तो दमदार आहे. पागनीस तरी तुकाराम कुठे होते? शाहिरानं पोवाड्यात तानाजीच्या तोंडी घातलेले बोल तानाजीचे थोडेच होते? सभासद बखर शिवाजी महाराजांच्या निधनानंतर दीड-दोन दशकांनी लिहिली गेली, तिच्यातले संवाद कुणी टिपून थोडेच ठेवले होते? मग यंत्रानं तेच केलं तर कपाळावर आठी कशाला? उत्तर ‘संत तुकाराम’मध्येच सापडतं. त्या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेलं एक गीत इतकं तुकोबांच्या वळणाचं झालं की कित्येकांनी तो त्यांचाच अभंग मानला. म्हणजे तोंडी घातलेले शब्द मूळ माणसाच्या नावावर जमा होतात, हा धोका नव्वद वर्षं जुना आहे. पण ती चूक दुरुस्त करता आली, कारण गीतकाराचं नाव नोंदलेलं होतं. शाहीर कवनाच्या शेवटी आपलं नाव गुंफतो. बखरीला लेखक असतो, काळ असतो, आश्रयदाता असतो. म्हणून तर सभासदाचा शब्द आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या मल्हार रामराव चिटणीसांचा शब्द इतिहासकार वेगवेगळ्या मापानं मोजू शकतात. मराठीत ऐतिहासिक माणसाला बोलतं करण्याची परंपरा मोठी आहे, पण बोलतं करणारा तिथे लपून राहिलेला नाही. यंत्राच्या कामात तो लपतो. मजकूर कुणी पुरवला, कुठल्या ग्रंथातून घेतला, कुणी गाळला, शेवटचा हात कुणी फिरवला, यातलं काहीच पडद्यावर येत नाही. खोटेपणापेक्षा हे निनावीपण मला अधिक घातक वाटतं. खोटं शोधून काढता येतं. पण ज्याला कर्ताच नाही त्याचा जाब कुणाला विचारणार?

हे नुसत्या तत्त्वाचं बोलणं वाटू नये म्हणून राजर्षी शाहू महाराजांचं उदाहरण घेऊ. प्रश्न विचारला की उत्तर देणारे शाहू महाराज उद्या कसबा बावड्यातल्या जन्मस्थळी उभे करायचे ठरले, तर त्यांना बोलायला शिकवायचं कशावरून? साधनं भरपूर आहेत. शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्रानं विलास संगवे आणि बी. डी. खणे यांच्या संपादनाखाली १९७८ पासून महाराजांच्या कागदपत्रांचे खंड काढले. जयसिंगराव पवारांनी स्मारकग्रंथ सिद्ध केला. भाषणं, हुकूम, पत्रं उपलब्ध आहेत. पण हा सगळा मजकूर एका आवाजातला नाही. राजकोटच्या राजकुमार कॉलेजात आणि मग धारवाडला फ्रेझर यांच्या हाताखाली शिकलेले महाराज इंग्रज अधिकाऱ्यांना लिहितात ते इंग्रजीत, आणि त्या पत्रांत संस्थानिकाची सावध मुत्सद्देगिरी असते. मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा हुकूम निघतो तो करवीर सरकारच्या गॅझेटातून, महाराज स्वतः विलायतेत असताना, कारभाराच्या भाषेत. मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही देणारे महाराज समोरच्या माणसांशी बोलत असतात. आणि पैलवानांत, माहुतांत, शेतकऱ्यांत बसून ते जी रांगडी बोली बोलत, तिचा कागदावर उतरलेला अंश अगदी थोडा. भाषेचं मॉडेल या सगळ्याचा काला करतं. वर छापील प्रमाण मराठीचा अफाट साठा त्याच्या पोटात आधीपासून असतोच. तेव्हा पडद्यावरचे महाराज बोलतील ते बहुधा एखाद्या सरकारी पुस्तिकेतल्यासारखं: शुद्ध, गुळगुळीत आणि कोल्हापूरच्या मातीचा कणही नसलेलं.

भाषेपेक्षा मोठी भीती आशयाची आहे. ही मॉडेलं समोरच्याला दुखवू नये अशा बेतानं घडवलेली असतात. २०२३ च्या आरंभी ‘हिस्टॉरिकल फिगर्स’ नावाच्या ॲपवर नाझी पुढारी हिमलर चक्क पश्चात्ताप व्यक्त करत होता, आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी त्यावर टीकेची झोड उठवली. शाहू महाराजांच्या बाबतीत हा गुळचटपणा उलट्या बाजूनं मारक ठरेल. राजघराण्याचे विधी वेदमंत्रांनी करायला नकार मिळाला त्या वेदोक्त प्रकरणात राजोपाध्यांचं वतन खालसा करणारा राजा कुणाची मनं राखत नव्हता. त्या वादात टिळकांची बाजू कोणती होती आणि महाराजांनी ती कशी घेतली, हे आज विचारलं तर यंत्र दोन्ही बाजूंना समजुतीनं घेईल, दोघांनाही थोर म्हणेल आणि एकोप्याचा संदेश देईल. शिवाय हे यंत्र ज्या संस्थेच्या पैशावर उभं राहणार, तिला निवडणुका असतात, अनुदानं असतात, भावना दुखावल्याच्या तक्रारींना तोंड द्यायचं असतं. महाराष्ट्रात थोरांच्या संवादाचा प्रत्येक शब्द कुणीतरी तराजूत घालतं. त्यामुळे मोकळेपणानं बोलणारा शिवाजी किंवा शाहू आपल्याकडे कुणी उभा करील, असं मला वाटत नाही. उभा राहील तो चौकशी समितीच्या नजरेतून सुखरूप सुटलेला.

मुलं पुस्तक उघडत नाहीत, निदान पडद्यापुढे तरी थांबतात, हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. पन्हाळ्यावर सहलीला आलेल्या पोराला बाजीप्रभूंची घोडखिंड उजेडात आणि आवाजात दिसली, तर त्याचं कुतूहल जागं होऊ शकतं. अडचण अशी की या कुतूहलाला पुढे जायला वाट लागते. चांगलं नाटक किंवा सिनेमा पाहून माणूस विचारतो, हे खरंच असं घडलं होतं का? समोर साक्षात महाराजच उत्तर देत असतील तर तो प्रश्नच संपतो. ‘माहिती वाढली की चुका कमी होतील’ हे दुसरं उत्तरही पुरेसं नाही. अचूक उत्तरांचं प्रमाण वाढेल, मान्य. पण शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला आजच्या आरक्षणाच्या वादावर मत विचारलं, तर त्याचं अचूक उत्तर अस्तित्वातच नसतं. तिथे कितीही कागद ओतले तरी येणारं वाक्य कुणीतरी रचलेलंच असणार.

याच तंत्राचा संयमानं वापर झाल्याचं उदाहरण परदेशात आहे. अमेरिकेतल्या शोआ फाउंडेशननं नाझी छळछावण्यांतून वाचलेल्या पिंकस गटर यांच्यासारख्या साक्षीदारांना, ते हयात असताना, शेकडो प्रश्न विचारून त्यांची उत्तरं चित्रित केली. आता संग्रहालयात मुलानं प्रश्न विचारला की यंत्र फक्त नेमकं उत्तर शोधून दाखवतं. नवं वाक्य रचत नाही. जुळणारं उत्तर नसेल तर तसं सांगतं. शाहू महाराजांबाबत अशी मुलाखत शक्य नाही, पण तिची शिस्त उसनी घेता येते. पडद्यावरच्या प्रत्येक वाक्याला कागद असावा: अमुक पत्र, अमुक तारीख, मूळ इंग्रजी की मराठी. कागद नसेल तिथे आकृतीनं गप्प बसावं. ए. आर. रहमान यांनी २०२४ च्या ‘लाल सलाम’मध्ये दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयनं वापरले, तेव्हा त्यांच्या कुटुंबांची परवानगी घेतली, मोबदला दिला आणि तसं जाहीरही केलं. गाण्याच्या बाबतीत एवढं पाळता येतं, तर राजाच्या बाबतीत का येऊ नये?

आणि एआयला या कामात जागाच नाही असंही नाही. उलट तिची गरज वेगळ्या खोलीत आहे. जुन्या कारभाराची मोडी दप्तरं वाचणारी माणसं कमी होत चालली आहेत. हस्ताक्षर ओळखून मोडीचं बाळबोध करायला शिकलेलं यंत्र हे कोणत्याही होलोग्रामपेक्षा महाराजांची जास्त सेवा करील, आणि त्यानं वाचलेली ओळ माणसाला ताडूनही पाहता येईल. त्यानंतर पडद्याचा हट्टच असेल, तर सुरुवात माणगावपासून करावी. महाराजांचं तिथलं भाषण जसं छापलेलं आहे तसं, एक शब्द न वाढवता, कोल्हापुरी हेल अंगात असलेल्या एखाद्या नटाकडून म्हणून घ्यावं. चेहरा महाराजांच्या छायाचित्रावरून घडवायचा तर खुशाल घडवावा. आणि त्या नटाचं, संपादकाचं, तंत्रज्ञांचं नाव सुरुवातीलाच ठळक अक्षरांत यावं, लोक उठून चालू लागल्यावर नव्हे.