घटावरचे चित्र पुरावा कधी ठरते?

पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर इसवी सनाच्या साधारण पहिल्या ते आठव्या शतकात मोचे लोक राहत. कुंभाराचे चाक त्यांच्याकडे नव्हते. साच्यात काढलेले दोन अर्धे भाग जोडून ते घट करत. वर रिकिबीसारखी वाकलेली पोकळ नळी, तिच्या मध्यावर तोंड. फिकट पोटावर लोहयुक्त मातीच्या पातळ लेपाने काढलेली तांबूस-तपकिरी रेघ मात्र थक्क करणारी!

पुस्तकांत ही चित्रे सपाट पट्टीसारखी उलगडून छापतात. डॉना मॅक्लेलँड यांच्या अशा रेखाटनांवाचून अभ्यास पुढे गेलाच नसता. पण गोल घटावरचे अर्धे चित्र नेहमी पलीकडेच असते, आणि त्याला सुरुवात नसते. पट्टी ती देते. (वर्गात नारळाभोवती माणसांची रांग काढून ती कागदावर उतरवायला सांगा, कुठे कापायचे यावरच वाद होईल.) शेजारी घटाचे छायाचित्र न छापता केवळ पट्टी छापणे मला चुकीचे वाटते.

त्याहून खटकते ते 'दैनंदिन जीवनाचे दृश्य' असे शीर्षक. या रेघांत शेती, स्वयंपाक क्वचितच दिसतात. दिसतात ते योद्धे, बंदी, विधी. क्रिस्टोफर डोनन यांनी १९७०च्या दशकात अनेक घट ताडून एक प्रसंग वेगळा काढला : बंद्यांचे गळे चिरले जात आहेत आणि चंद्रकोरीच्या मुकुटाच्या पुरुषाला चषक दिला जात आहे. हे पुराण की प्रत्यक्ष विधी? चित्रे कितीही जमवली तरी याचे उत्तर चित्रांतून मिळणारे नव्हते. १९८७ साली वाल्तर आल्वा यांना सिपान येथे न लुटलेली कबर सापडली. आतल्या माणसाचे अलंकार त्या पुरुषाचेच होते. १९९५पासून 'वाका दे ला लुना' येथे बळींचे सांगाडे मिळाले, मानेच्या मणक्यांवर कापल्याच्या खुणा असलेले.

याउलट राफाएल लार्को ओयले यांनी घटांवरच्या ठिपक्या-रेघांच्या घेवड्याच्या दाण्यांना लिपी मानले. कल्पना मोहक आहे. पण ती तपासता येईल असे जमिनीतून काही निघाले नाही, आणि आज ती सहसा मान्य होत नाही. दोघांचीही नजर तीक्ष्ण होती. फरक उत्खननाने पाडला.

म्हणूनच लुटीतून बाजारात आलेला सुंदर घट पाहताना मला चुटपुट लागते. तो कोणाच्या उशाशी, कशाशेजारी होता, हे खणणाऱ्याने कुठेच नोंदवलेले नसते.