आराखडा कोणासाठी? एका गाजलेल्या पेपरचं महाडमधून वाचन

खेळाच्या मैदानावरच्या वैद्यकीय आणीबाणीवर संशोधन करायचं म्हटलं की एक पेपर हमखास समोर येतो: अमेरिकेतल्या नॅशनल अ‍ॅथलेटिक ट्रेनर्स असोसिएशनचं 2002 चं भूमिकापत्र. अँडरसन आणि तीन सहलेखकांनी ते लिहिलं. सार एवढंच, की खेळ भरवणाऱ्या प्रत्येक संस्थेकडे लेखी आराखडा हवा, आणि तो त्या-त्या मैदानापुरता असावा. कोण काय करणार, साहित्य कुठे, निरोप कसा जाणार, जखमीला कशातून कुठे न्यायचं, हे ठरलेलं हवं. वर्षातून एकदा तरी त्याचा सराव व्हावा.

पेपरची खरी ताकद ‘त्या-त्या मैदानापुरता’ या अटीत आहे. गंमत अशी, की हीच अट महाड-पोलादपूरला लावली की पेपरचं गृहीतक उघडं पडतं.

आपल्याकडे भातकापणी उरकली की गावोगाव कबड्डी सुरू होते. भरवणारं गावचं मंडळ, मैदान बऱ्याचदा कापणी झालेलं शेत, सामने रात्री दिव्यांच्या उजेडात. स्पर्धा संपली की मैदानही संपलं! पेपरमधली ‘संस्था’ मात्र कायमची आहे. तिचं स्वतःचं मैदान आहे, पगारी प्रशिक्षित माणसं आहेत.

आता वेळेचा हिशेब बघा. शाळा-कॉलेजच्या खेळाडूंचं हृदय अचानक बंद पडल्यास काय करावं, यावर ड्रेझ्नर आणि सहकाऱ्यांचं 2007 चं सहमतीपत्र आहे. खेळाडू कोसळल्यापासून 3 ते 5 मिनिटांत विजेचा पहिला झटका मिळावा, असं ते सांगतं. आता 108 ची रुग्णवाहिका 10 किलोमीटरवरून ताशी 40 च्या वेगाने निघाली, तरी पोहोचायला 15 मिनिटं. उमरठ किंवा वरंधकडच्या रस्त्याला तो वेगही मिळेलच असं नाही. म्हणजे पहिली पाच मिनिटं मैदानावर हजर असलेल्यांचीच.

इथे नवख्या संशोधकाला एक मोह होतो. पेपरमधल्या मुद्द्यांची प्रश्नावली करायची आणि मंडळांना विचारत सुटायचं: लेखी आराखडा आहे का? एईडी यंत्र आहे का? उत्तरं बहुतेक ‘नाही’च येणार, हे घरबसल्या कळतं. अशी प्रश्नावली फक्त आपलं गाव अमेरिकन कॉलेजपेक्षा किती वेगळं आहे, एवढंच मोजते. गावात काय आहे, ते तिच्यातून निसटतं.

उदाहरणार्थ, महाडची एमआयडीसी. 1948 च्या कारखाने अधिनियमाने दर 150 कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्रधारक माणूस, अशी अट घातली. असा एखादा कामगार संध्याकाळी बिरवाडीच्या मैदानाकडेला सामना बघत उभा असू शकतो. मंडळाला ते माहीत आहे का? हा प्रश्न त्या प्रश्नावलीत कुठेच नसतो. माईकवरचा समालोचक ही तर तयार संपर्कयंत्रणा आहे. त्याचाही उल्लेख नाही.

पण म्हणून पेपर मोडीत काढायचं कारण नाही. “गावात कोणी ना कोणी धावतंच” हे खरं, पण ते नियोजन नव्हे. पकडीत मान दुखावलेल्या पोराला चौघांनी हातपाय धरून जीपमध्ये टाकलं, तर मदतीनेच मज्जारज्जूची इजा वाढू शकते. कोणी उचलायचं, कोणी उचलू द्यायचं नाही, हे आधी ठरवून सराव करा, हा पेपरचा आग्रह इथेही शंभर टक्के लागू आहे.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना तत्त्व घ्या, प्रश्नावली जशीच्या तशी उचलू नका. ‘आराखडा आहे का?’ ऐवजी विचारा: आत्ता कोणी कोसळलं तर छाती दाबायला पहिला कोण पुढे येईल, माईकवरून काय सांगितलं जाईल, गाडी कुणाची, चावी कुणाकडे? उत्तरात माणसांची नावं आली, तर आराखड्याची सुरुवात झालेली आहे. नाही आली, तर तुमच्या संशोधनाला काम आहे.