‘स्त्रीमदजन’ ही संज्ञा आणि मेदाचा चयापचय

इस्ट्रोजेन या संप्रेरकवर्गासाठी शास्त्रीय मराठीत ‘स्त्रीमदजन’ ही संज्ञा योजण्यात आली. वरवर पाहता तिची घडण चोख आहे. ग्रीक ‘ऑइस्ट्रॉस’ म्हणजे गुरांना दंश करणारी माशी, आणि लक्षणेने त्या दंशाने जनावरास चढणारे वेड. ‘जेन’ म्हणजे उत्पन्न करणारे. शेतकरी ज्यास जनावर माजावर येणे म्हणतो त्या अवस्थेशी हे नाव जोडले गेले, व तेथे ‘मद’ हा शब्द चपखल बसतो. परंतु मूळ शब्दात ‘स्त्री’ कोठेही नाही. ते पद संज्ञाकाराने पदरचे घातले आहे, आणि घोटाळ्याचे मूळ त्याच पदात आहे.

1929 साली डॉइझी व ब्यूटेनांट यांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे गर्भवतींच्या मूत्रातून इस्ट्रोन वेगळे केले. पुढे अवघ्या पाच वर्षांनी, 1934 मध्ये, झोंडेक यांना हेच द्रव्य विपुल प्रमाणात आढळले ते घोड्याच्या, घोडीच्या नव्हे, मूत्रात. तरीही ‘स्त्री-संप्रेरक’ हा शिक्का पुसला गेला नाही. मराठीने तो नावातच गोवला. अशा संज्ञेवर वाढलेला विद्यार्थी पुरुषाच्या रक्तातील इस्ट्रोजेनास विकृती समजला, तर दोष त्याचा कसा मानावा?

मेदाच्या प्रकरणात हा शिक्का विशेष अडचणीचा ठरतो. इस्ट्रोजेनाचा ‘अल्फा’ ग्राही नसलेल्या उंदरांत, नर व मादी दोहोंतही, पांढरा मेद वाढतो, असे 2000 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. 2013 साली अमेरिकेतील एका अभ्यासात निरोगी पुरुषांचे स्वतःचे संप्रेरक औषधाने थोपवून त्यांना टेस्टोस्टेरोनच्या निरनिराळ्या मात्रा देण्यात आल्या. एका गटात त्याचे इस्ट्रोजेनात होणारे रूपांतरही रोखले गेले. स्नायूंचे बळ घटले ते टेस्टोस्टेरोनच्या अभावाने. अंगातील मेद वाढला तो मुख्यतः इस्ट्रोजेनाच्या अभावाने. म्हणजे पुरुषाच्या मेदावर अंकुश ठेवणारे द्रव्य नावाने स्त्रीचे!

दुसरा दोष संज्ञेचा नसून वाक्यरचनेचा आहे. ‘इस्ट्रोजेन मेद वाढविते’ आणि ‘इस्ट्रोजेन मेद घटविते’ अशी दोन्ही विधाने वाचावयास मिळतात, व वाचक गोंधळतो. दोन्हींत कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे; नाही ते अधिकरण. मेद कोठला, हे सांगितल्यावाचून येथे क्रियापदास अर्थच येत नाही. मांड्या व नितंब यांच्या त्वचेखालील मेदपेशींत इस्ट्रोजेन एका विशिष्ट ॲड्रेनॅलिन-ग्राहीचे (अल्फा-2ए) प्रमाण वाढविते. हा ग्राही मेदाच्या विघटनास आवर घालतो, म्हणून तेथील साठा टिकतो. पोटातील, आतड्यांभोवतीच्या मेदात असा परिणाम आढळलेला नाही. रजोनिवृत्तीनंतर बीजांडकोशाचे इस्ट्रोजेन आटते व मेदाचा ओढा पोटाकडे वळतो, तो या भेदाशी सुसंगत आहे. अर्थात त्याचे कारण एवढेच नव्हे. ‘मेद’ हा शब्दही सैलच. रासायनिक द्रव्य, त्याने भरलेली पेशी आणि त्या पेशींची ऊती या तिन्हींस तो एकसारखाच लावला जातो. आयुर्वेदातील धातुवाचक अर्थ आणखी निराळा.

आणि कर्ता-कर्म हा संबंध तरी कोठे स्थिर आहे? मेदपेशींत ॲरोमॅटेज नावाचे विकर असते. ते ॲन्ड्रोस्टेनडायोनपासून इस्ट्रोन घडविते. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेनाचा प्रमुख उगम हाच. ज्या मेदास आतापर्यंत कर्मस्थानी बसविले, तोच येथे कर्ता होतो.

‘स्त्री’ गाळून नुसते ‘मदजन’ ठेवावे, अशी सूचना करता येईल. पण ‘मदा’चा मेदाशी संबंध नाही, अस्थींशी नाही, आणि या द्रव्याची बरीचशी कामगिरी तर तेथेच चालते. त्यापेक्षा ‘इस्ट्रोजेन’ हा परका शब्दच बरा. मराठी कानास तो काहीच सांगत नाही, म्हणून चुकीचेही सांगत नाही.