सोसणाऱ्याचे निवेदन : ‘अरुणोदय’ आणि ‘स्मृतिचित्रे’

ख्रिस्ती परंपरेत छळ आणि छळातील धीर यांचे महत्त्व केवळ नैतिक नाही, ते वाङ्मयीनही आहे. हुतात्म्यासाठी रूढ झालेल्या ‘मार्टिस’ या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ असा आहे. नव्या करारात धीरासाठी वारंवार येणारा ‘हुपोमोने’ हा शब्द भाराखाली टिकून राहण्याची क्रिया सुचवितो. हुतात्म्याची कथा मात्र बहुधा दुसऱ्याने लिहिलेली असते. सोसणारा ती सांगावयास उरलेला नसतो. आत्मचरित्रात ही विभागणी मोडते. सोसणारा आणि साक्षीदार एकच होतात, आणि आपल्या धीराची कथा आपणच सांगताना आत्मगौरव कसा टाळावयाचा, हा प्रश्न निवेदकापुढे उभा राहतो. मराठी ख्रिस्ती आत्मचरित्राचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने फारसा झालेला नाही. बाबा पदमनजी यांचे ‘अरुणोदय’ आणि लक्ष्मीबाई टिळक यांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४–३६) या दोन कृतींच्या आधारे तो येथे करावयाचा आहे.

प्रथम ‘छळ’ या संज्ञेविषयी. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात धर्मांतरिताचा छळ राजसत्तेने केलेला नाही. उलट, १८५० च्या कायद्याने धर्मांतरामुळे वारसाहक्क जाणार नाही अशी तरतूद केली होती, आणि मिशनऱ्यांचा धर्म हाच राज्यकर्त्यांचाही धर्म होता. त्यामुळे रोमन साम्राज्यातील हुतात्म्यांचा साचा येथे जसाच्या तसा लावणे गैर ठरेल. येथे बहिष्कार घालतो तो समाज. पण आत घाव घालते ती माया. कार्थेज येथे इ. स. २०३ मध्ये मारल्या गेलेल्या पर्पेतुआचे तुरुंगातील निवेदन उपलब्ध आहे. त्यातही न्यायाधीशापेक्षा विनवणी करणारा वृद्ध पिता आणि तान्हे मूल यांचे प्रसंगच अधिक जिव्हारी लागतात. मराठी धर्मांतरिताच्या आत्मकथनाचे नाते जुळते ते हुतात्मा-चरित्रातील या धाग्याशी. छळणारा येथे शत्रू नसतो, आप्त असतो. त्याला दोषी ठरविले तर मायेशी प्रतारणा होते. निर्दोष ठरविले तर स्वतःच्या सोसण्याला अर्थ उरत नाही.

बेळगावात जन्मलेल्या पदमनजींनी ३ सप्टेंबर १८५४ रोजी बाप्तिस्मा घेतला. परंतु ‘अरुणोदया’चे खरे कथानक बाप्तिस्म्याचे नसून त्यापूर्वीच्या विलंबाचे आहे. बुद्धीला जे पटले ते आचरणात आणताना आईवडिलांचे दुःख आडवे येते, आणि निर्णय पुनःपुन्हा पुढे ढकलला जातो. या रचनेचा परिणाम लक्षणीय आहे. निवेदक स्वतःला धीराचा नायक करीत नाही; तो स्वतःला कचरणारा माणूस म्हणून दाखवितो. धीर धरतो तो ईश्वर, आणि तोही या कचरणाऱ्या माणसाच्या बाबतीत. आत्मगौरवाचा पेच पदमनजींनी असा सोडविला आहे. मात्र त्याची किंमतही द्यावी लागते. ग्रंथाच्या नावातच अंधार कोठे आणि उजेड कोठे हे ठरून गेलेले असल्यामुळे प्रत्येक दुःख पहाटेकडे नेणारी पायरी ठरते. पूर्वायुष्यातील ‘मी’ला स्वतंत्र बोलू दिले जात नाही, प्रौढ निवेदक त्याला सतत दुरुस्त करीत राहतो. घरच्या माणसांचे दुःख दिसते, पण ते मुख्यतः लेखकाच्या परीक्षेचे साधन म्हणून.

‘स्मृतिचित्रे’मध्ये नेमकी ही दुसरी बाजू निवेदक होते. ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी तो १९०० मध्ये घेतला. मधल्या वर्षांतील लक्ष्मीबाई ख्रिस्ती नाहीत. पंढरपुरास आप्तांच्या आश्रयाने, लहानग्या दत्तूला घेऊन त्या जे सोसतात, ते स्वतःच्या श्रद्धेसाठी नव्हे, तर पतीच्या श्रद्धेमुळे. काटेकोर ख्रिस्ती व्याख्येत हा ‘विश्वासासाठी झालेला छळ’ बसणार नाही. तरीही मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील धीराचे सर्वांत समर्थ चित्रण येथेच आहे, ही गोष्ट व्याख्येचाच फेरविचार करावयास लावते. हे बळ त्यांना ख्रिस्ती शिकवणुकीतून मिळालेले नाही. ते वडिलांच्या अतिरेकी सोवळ्यात आणि टिळकांच्या लहरी संसारात कमावलेले आहे. ‘सोसणे’ हे मराठी क्रियापद ‘हुपोमोने’च्या जवळ जाते ते या घरगुती वाटेने.

त्याहून महत्त्वाचा आहे तो निवेदनाचा विशेष. लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई ख्रिस्ती आहेत, पण शोकाने सैरभैर झालेल्या, सोवळे सांभाळणाऱ्या त्या तरुण स्त्रीला त्या कोठेही अज्ञानी ठरवीत नाहीत. जातिभेद मनुष्यकृत आहे हे त्यांना पुढे स्वतःच्या विचाराने उमगते. त्या उमगण्याचा उजेड मागील पानांवर पाडून त्या ती पाने फिकी करीत नाहीत. आत्मगौरव टाळण्याचे त्यांचे साधन म्हणजे विनोद. हा विनोद दुःखावरचा उतारा आहे असे सामान्यतः मानले जाते. मला ते अपुरे वाटते. तो निवेदकाचा न्याय आहे. टिळक, नातलग आणि स्वतः लक्ष्मीबाई यांना तो एकाच मापाने मोजतो. त्यामुळे छळणारा आणि छळला जाणारा अशी कायमची वाटणी होऊच शकत नाही.

असा विनोद वेदनेची धार बोथट करतो, आणि पदमनजींचे गांभीर्य अधिक प्रामाणिक आहे, असा आक्षेप घेता येईल. त्यात तथ्य आहे. पदमनजींपुढे मराठी ख्रिस्ती आत्मकथनाची परंपराच नव्हती. एकाकी माणसाला निश्चित दिशेची गरज अधिक असते. लक्ष्मीबाई लिहीत होत्या तेव्हा त्या घटनांना तीन तपे उलटली होती आणि मराठी ख्रिस्ती समाज स्थिरावला होता. कालांतराने मिळणारी ही मोकळीक विसरून दोन्ही कृतींना एकच कसोटी लावणे योग्य नव्हे.

तथापि आपल्या समीक्षेने या दोन्ही कृतींवर वेगवेगळ्या प्रकारे अन्याय केला आहे. ‘अरुणोदया’ला प्रचारवाङ्मय म्हणून बाजूस सारले, ‘स्मृतिचित्रे’ला डोक्यावर घेतले, पण तिच्यातील ख्रिस्ती आशय वगळून, एका संसाराची रसाळ कहाणी म्हणून. दोन्ही कृती शेजारी ठेवून वाचल्या तर धीराची व्याप्ती वाढलेली दिसते. धर्म बदलणाऱ्याने धीर धरला, हे पहिली सांगते. त्याच्यामागे जी राहिली तिनेही तो धरला, हे दुसरी सांगते. या दुसऱ्या साक्षीवाचून पहिलीचा अर्थ पुरता लागत नाही.