नाण्यावरच्या दाढीत तत्त्वज्ञ शोधणारे

मंडळी, पडद्यावर दिसतंय ते चांदीचं नाणं आहे, दोन द्राख्मांचं. वजन साधारण साडेसहा ग्रॅम. रोमन साम्राज्याच्या कप्पादोकिया प्रांतात, कैसरिया शहरात ते पाडलं गेलं. आजच्या तुर्कस्तानातलं कायसेरी ते हेच. चेहरा सम्राट मार्कस ऑरेलियसचा. कुरळे केस, भरघोस दाढी, शांत मुद्रा. हे नाणं दाखवलं की लोक लगेच म्हणतात, ‘बघा, कसा तत्त्वज्ञ दिसतो!’

आम्हाला हे वाचन मान्य नाही. एक तर साधा कालक्रम बघा. अशी नाणी प्रामुख्याने 160 च्या दशकातली. मार्कसची ती प्रसिद्ध चिंतनवही मात्र 170 नंतरची, डॅन्यूब नदीकडच्या युद्धछावण्यांतली. म्हणजे अजून लिहायच्या पुस्तकातला लेखक आपण आधीच चेहऱ्यावर चिकटवतो! आणि दाढी म्हणाल, तर ती हेड्रियनपासून सम्राटांची रीतच झाली होती.

आता अक्षरं वाचू. ती ग्रीक आहेत. मार्कसने आपली वहीही ग्रीकमध्येच लिहिली, पण दोन्हीकडची ग्रीक एक नव्हे. वहीतली ग्रीक स्वतःला बजावण्यासाठी आहे, तिथे कीर्तीची किंमत तो शून्य करतो. इथे लिहिलंय ‘ऑटोक्रातोर अँतोनिनोस सेबास्तोस’. पहिला शब्द सत्ताधीशाचा, शेवटचा ‘ऑगस्टस’चा ग्रीक पर्याय, आणि मधलं नाव दत्तक पित्याकडून आलेलं. ‘मार्कस’ या नमुन्यावर नाहीच. मागे लिहिलंय, तिसऱ्यांदा कॉन्सुल. हा 161 सालचा मान.

आणि 161 मध्ये या प्रांतात काय चाललं होतं? पार्थियन सैन्य आर्मेनियात शिरलं, कप्पादोकियाचा राज्यपाल सेवेरियानुस एलेगेया इथे हरला आणि त्याने आत्महत्या केली. पुढे 166 पर्यंत युद्ध. सरहद्दीवर फौजा, आणि फौजेला पगार लागतो. हे नाणं त्या हिशेबातलं आहे असंच आम्ही समजतो. ‘राजा तत्त्वज्ञ असेल तर राज्य सुखी’ हे प्लेटोचं म्हणणं मार्कसच्या तोंडी सतत असे, असं त्याचा जुना चरित्रकार सांगतो. वहीच्या नवव्या भागात मात्र प्लेटोच्या त्या राज्याची आशा मार्कस स्वतःच सोडून देतो. आमचे तत्त्वज्ञानाचे अभ्यासक चरित्रकाराचं वाक्य आवडीने सांगतात, वहीतलं सोडून देतात. सोयीचं आहे ना!

बरं, कलाकृती म्हणून पाहिलं तर? चेहरा नीटनेटका, पण ठरीव. रोमहून आलेल्या नमुन्याबरहुकूम. कारागिराचं मन रमलंय ते मागच्या बाजूला. तिथे आहे आर्गायोस पर्वत, आजचा एर्जियेस, 3,900 मीटरहून उंच, बर्फाच्छादित ज्वालामुखी. कडे, सुळके, खबदाडं, सगळं त्या बोटभर जागेत खोदलंय. दुसऱ्या शतकातला वक्ता मॅक्सिमस (आमच्यासारखाच व्याख्यानं देत फिरणारा!) नोंदवतो की कप्पादोकियन लोकांना डोंगर हाच देव, शपथही त्याचीच आणि मूर्तीही तोच. म्हणजे सम्राटाची मुद्रा आणि प्रांताचा देव एकाच चांदीवर, पाठीला पाठ लावून. कैसरियातला माणूस हे नाणं हातात घेऊन कोणती बाजू वर ठेवत असेल? आम्ही पैज डोंगरावर लावू. पुढची स्लाइड घ्या, तिथे हाच डोंगर लुसियस वेरुसच्या नाण्यावर आहे.